फळीवरचा ठोका

"बाई, ही कॅसेट रिकामी आहे," हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा ऐकलं की कुणी नुसतं "बाई" म्हटलं तरी माझा हात आधी बॅटऱ्यांकडे जायचा. बहुतेक वेळा ती खरंच रिकामी असायची. कधी बॅटऱ्यांनी मान टाकलेली असे, कधी घाईत दोनपैकी एकच बटण दाबलेलं असे आणि समोरची आजी बिचारी तासभर हवेत बोलून गेलेली असे. अशा वेळी मी चूक कबूल करून, तोंड पाडून पुन्हा त्या आजीच्या दारात उभी राही. एका कॅसेटच्या बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. मॅडमचं नाही आणि संगणकवाल्या साहेबांचंही नाही. तिचीच गोष्ट सांगायची आहे.

आधी आमचं काम काय होतं ते सांगते, कारण माझ्या सख्ख्या जावेला ते अजून कळलेलं नाही. ती पाहुण्यांना सांगते, "ह्या रेडिओत होत्या." मी रेडिओत कधीच नव्हते. नाशकातल्या एका छोट्या संस्थेत म्हाताऱ्या बायकांच्या आठवणी टेपवर साठवायचा एक विभाग होता. विभाग म्हणजे एक टेपरेकॉर्डर, मी, गांगुर्डे नावाचे शिपाई आणि वरच्या मजल्यावर बसणाऱ्या मॅडम. मी लागले टायपिस्ट म्हणून. टेप करायला ठेवलेला माणूस ऊन लागतं म्हणून सोडून गेला आणि ते यंत्र माझ्या गळ्यात पडलं, ते निवृत्त होईपर्यंत निघालं नाही.

काम ऐकायला सोपं. बाईच्या घरी जायचं, चहा प्यायचा, टेप सुरू करायची आणि आपण तोंड बंद ठेवायचं. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. मग ऑफिसात येऊन कानाला हेडफोन लावायचा आणि पुढे-मागे, पुढे-मागे करत प्रत्येक शब्द कागदावर उतरवायचा. खोकला आला तर कंसात "खोकला" लिहायचं, रडू आलं तर "थांबल्या" लिहायचं. "रडल्या" लिहायचं नाही, असा मॅडमचा नियम होता. आणि टेप पूर्ण झाली रे झाली की कॅसेटच्या वरच्या कडेची प्लास्टिकची चिमुकली पट्टी मोडून टाकायची. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही. मी ती तिथेच, त्या बाईच्या उंबऱ्यातच मोडत असे. लोक म्हणायचे, नवी कोरी कॅसेट मोडली की हो बाईंनी!

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. सगळ्यात त्रास नवऱ्यांचा. "तिला काय विचारता, तिला काही आठवत नाही. मला विचारा," असं म्हणून खुर्ची पुढे ओढून बसणारे. त्यांच्यावर माझा एक उपाय होता. "काका, बाहेर तुम्हाला कुणी हाक मारतंय का बघा," म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं. देवळालीकडची एक आजी टेप चालू असेपर्यंत फक्त पाककृती सांगायची आणि बंद केली की खरं बोलायला लागायची. तिचं खरं माझ्याजवळच राहिलं. ते कुठल्याही कपाटात नाही, आणि माझ्याबरोबरच जाणार. याचं वाईट वाटतं, पण ती "बंद कर" म्हणाली होती, मग बंद म्हणजे बंद.

नव्वद सालानंतर मॅडमनी नवा विषय काढला. महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गोदीत जहाजांच्या दुरुस्तीवर काम केलेल्या बायका. मी म्हटलं, "मॅडम, नाशकात समुद्र कुठाय?" त्या म्हणाल्या, "समुद्र नाही, पण बायका आहेत." आणि होत्या की! आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं तेव्हा पोटासाठी मुंबईला गेलेली आणि नंतर परत आलेली. त्यातली पहिली मला सापडली ती सोनाबाई.

सोनाबाई नाशिक रोडला मुलाजवळ राहायची. बैठं घर, पुढे पडवी, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली नातवाच्या क्रिकेटची ढाल. ती इतक्या मोठ्यानं बोलायची की टेपरेकॉर्डरचा काटा लाल रेघेत जाऊन अडकायचा आणि शेजारीण खिडकीतून विचारायची, "काय झालं हो?" कान कामानंच गेलेले होते. लोक गोदी म्हटलं की चव्वेचाळीस सालचा तो मोठा स्फोट आठवतात. मीही तेच विचारलं.

"त्या दिवशी पोराला गोवर निघाला व्हता, मी घरी!" सोनाबाई ओरडली. "जो येतो त्यो स्फोटच इचारतो. अगं, गंज इचार की, गंज! चार वर्सं गंज खाल्ला मी."

तर गंज. युद्धात जहाजांची रीघ लागलेली. जहाज सुक्या गोदीत आणायचं, दरवाजा लावून पाणी उपसून टाकायचं, म्हणजे त्याचं अख्खं पोट उघडं पडतं. त्या पोटावर गंजाचे पापुद्रे आणि शिंपल्यांचे थर. ते हातोडीनं ठोकून ठोकून काढायचे आणि मग शेंदरी रंगाचा हात द्यायचा. ठेकेदारांना पुरुष कमी पडायला लागले तेव्हा बायका घेतल्या. वरच्या कठड्याला दोर बांधून एक फळी खाली सोडायची, तिच्यावर दोघी बसायच्या, जहाजाकडे तोंड करून, पाय खाली मोकळे. तोंडाला फडकं, डोळे अर्धे मिटलेले, कारण गंजाची धूळ डोळ्यात गेली की आठवडाभर सुटका नाही. अशा पाच-पन्नास हातोड्या एका लोखंडावर एकदम. शेजारी बसलेली कानाशी ओरडली तरी ऐकू यायचं नाही.

पहिली टेप उतरवताना मला एक गोष्ट खटकली. सोनाबाई बोलता बोलता थांबली की खाटेच्या कडेवर बोटांच्या पेरांनी ठोकायची. टकटक, मग जरा थांबून टक. मी कंसात लिहिलं, "माइकला धक्का." पानापानावर माइकला धक्का. पुढच्या भेटीत मी वैतागून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं: आजी, खाट वाजवू नका. नातवानं वाचून तिच्या कानात ओरडून सांगितलं. तशी ती असली हसली, असली हसली की तिला ठसका लागला.

"अगं येडे, ते बोलणं हाय आमचं," ती म्हणाली.

ऐकू येत नाही, दिसत नाही, मग शेजारची आहे की पडली हे कसं कळणार? म्हणून फळीवर ठोकायचं. आवाज कानाला यायचा नाही, पण लाकडातून मांडीला कळायचा. शेजारच्या फळ्यांचे दोर त्याच कठड्याला बांधलेले, त्यांचे ठोके आपल्या फळीत उतरायचे, म्हणून प्रत्येक जोडीनं आपला ठोका वेगळा ठरवलेला. सोनाबाईच्या जोडीचा हा: टकटक, थांबून टक. म्हणजे, "हायस का?" आणि उत्तर उलटं: टक, थांबून टकटक. "हाय."

"दिसभर तेवढंच इचारायचं. हायस का? हाय. हायस का? हाय. दुसरं बोलायला काय व्हतं?"

जोडीदारणीचं नाव केवळ, म्हणजे केवळबाई. पण सोनाबाई तिला नावानं कधीच हाक मारत नसे. "ती माझी फळी, अन् मी तिची फळी," असं म्हणायची. केवळबाई सिन्नरकडच्या माळ्याची सून, आणि सोनाबाई गावकुसाबाहेरची. खाली जमिनीवर पाण्याचे डबे दोन, एकीनं दुसरीच्या डब्याला शिवायचं नाही. मुकादमाचं लक्ष असायचं. वर फळीवर मात्र एकच डबा. पहिल्या दिवशी सोनाबाई आपला डबा न्यायला विसरली आणि दुपारी केवळनं मुकाट्यानं आपला पुढे केला. दुसऱ्या दिवशी सोनाबाई मुद्दाम विसरली. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, पडवीच्या टोकाकडे बघत होती. मी "थांबल्या" असं लिहिलं.

मग युद्ध संपलं. एका सकाळी दोघी गेल्या तर फाटकच बंद. मुकादम म्हणाला, आता काम नाही. तिथेच गर्दीत ताटातूट झाली ती झाली. पत्ता कोण कुणाचा लिहून ठेवतो, आणि लिहायला येत कुणाला होतं!

"मला माझी फळी दाव एकदा," सोनाबाई म्हणाली. "कान तर गेलं. डोळ्यात बी मोतीबिंदू आलाय, त्यो बी किती दिस थांबल? दिसतंय तवर दाव. तंवर मी पुढचं कायबी सांगायची नाय. माझं अर्धं तिच्यापाशी हाय, एकटीनं कसं सांगू?"

आणि खरंच तोंड मिटून बसली. असला हट्ट मी लहान पोरांचाही पाहिला नव्हता.

आता सिन्नर तालुक्यात केवळबाई शोधायची म्हणजे गल्लीगल्लीत एक. मी जिथे जाईन तिथे विचारायची आणि लोक म्हणायचे, "कोणती केवळ? खालच्या आळीतली, का मारुतीजवळची?" गोदीचं नाव काढलं की सगळे मान हलवायचे. आमच्यातली कुणी बाई गोदीबिदीत गेली नाही बरं का! वर्ष उलटलं. नाशिक रोडवरून जायची वेळ आली की मी सोनाबाईची गल्ली टाळायला लागले, कारण ती पडवीत बसलेली असायची आणि नुसती भुवई उडवून विचारायची.

सापडली ती भलत्याच कामात. विडी वळणाऱ्या बायकांच्या मुलाखतींसाठी मी सिन्नरला जात होते. काळ्यापिवळ्या जीपमध्ये टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन, पुढच्या सीटवर चौथी म्हणून दाटीवाटीनं. एका घरात सुमनताई नावाची बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बोलत होती. हात एकीकडे, तोंड एकीकडे, फार छान चाललं होतं. कोपऱ्यात तिची सासू भिंतीला टेकून बसली होती, ठार बहिरी. मी नमस्कार केला तर तिनं नुसतं पाहिलं. मध्येच तिनं हातातला स्टीलचा पेला फरशीवर आपटला.

टकटक. थांबून टक.

"आले हो!" सुमनताई म्हणाली आणि मला म्हणाली, "चहा पाहिजे त्यांना. जुनी सवय आहे, हाक मारायच्या नाहीत, ठोकायच्या."

वर्षभर मी तो ठोका हेडफोनमधून पुढे-मागे करून ऐकला होता. घरच्या लोकांच्या हाका मला ओळखू येणार नाहीत एक वेळ, पण हा ठोका? मी विचारलं, "तुमच्या सासूबाई मुंबईला होत्या का? गोदीत?"

"छे हो," सुमनताई हसली. "सासूबाई आणि गोदीत?"

मी उठून म्हातारीजवळ गेले. काय बोलणार, तिला ऐकू येत नव्हतं. मी खाली बसले आणि तिच्या शेजारी फरशीवर मूठ आपटली. टक. थांबून टकटक.

म्हातारीच्या हातातला पेला खाली आलाच नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या वयाकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की मी ती नव्हे.

"कुनी शिकवलं तुला?" ती म्हणाली. मग तोंडावर पदर घेऊन रडायला लागली, आणि सुमनताईच्या सुपातल्या विड्या घरभर झाल्या.

गावी परत आल्यावर नवऱ्यानं तिला बजावलं होतं की गोदीचं नाव काढायचं नाही. पोरींची लग्नं व्हायची होती. बाई पुरुषांच्यात दोराला लटकून काम करत होती, आणि तेही कुणाशेजारी बसून, हे कळलं असतं तर पोरी घरात राहिल्या असत्या. पोरींची लग्नं झाली, नवरा गेला, तरी तिनं ते तोंडातून काढलं नव्हतं. ठोका तेवढा उरला होता.

दोघींच्या भेटीची मी काय तयारी केली म्हणून सांगू! नवी कॅसेट, नव्या बॅटऱ्या, कागदभर प्रश्न. सुमनताई सासूला घेऊन एसटीनं आली. सोनाबाईनं सकाळीच नवं लुगडं नेसून पडवीतलं लाकडी बाकडं पुसून ठेवलं होतं. गांगुर्डेही हौसेनं आले होते. मी बटण दाबलं, हातानं सगळ्यांना गप्प केलं आणि बाजूला उभी राहिले.

सोनाबाईनं केवळबाईच्या तोंडावरून हात फिरवला. डोळे बारीक करून, मान इकडून तिकडून करून नीट बघून घेतलं. केवळबाईनं तिचा हात धरला आणि त्यावरचे जुने वण अंगठ्यानं चाचपले. मग दोघी बाकड्यावर बसल्या. एकमेकींकडे तोंड करून बसतील असं मला वाटलं होतं. त्या बसल्या शेजारी शेजारी, समोरच्या कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून. आणि एक शब्द बोलल्या नाहीत.

मी आधी वाट पाहिली. मग खुणा केल्या. मग चक्क रागावले. "अहो, बोला की!" त्यांना कुठलं ऐकू यायला! सोनाबाईनं बाकड्यावर ठोकलं. टकटक, टक. केवळबाईनं ठोकलं. टक, टकटक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा. कधी ही विचारायची, कधी ती. सोनाबाईच्या सुनेनं दोन कपांत चहा आणला. सोनाबाईनं एक कप परत पाठवला आणि दुसरा बशीत ओतला. एकाच बशीतून दोघी आळीपाळीनं प्यायल्या. गांगुर्डे भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते, आणि कॅसेट आपली फिरत होती. तिची पट्टी मी त्या पडवीतच मोडली.

ऑफिसात मी ती उतरवली. माइक सोनाबाईच्या बाजूला होता, त्यामुळे तिचा ठोका जड आणि केवळबाईचा हलका, असे सगळे वेगवेगळे लिहिले. मॅडमनी कागद पाहिला, टेप लावून थोडी ऐकली आणि चष्मा काढला. "बाई, ही रिकामी आहे," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "रिकामी नाही मॅडम, कपाटात राहू द्या." माझा आवाज चढला असावा, कारण त्यांनी राहू दिली.

पुन्हा भेटायचं ठरलं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ, सुमनताईला विड्यांची घाई, मला दुसरे विषय. पुढच्याच थंडीत सोनाबाई गेली. मी निरोप घेऊन सिन्नरला गेले तेव्हा केवळबाईनं सांगायच्या आधीच ओळखलं. पुढचं अर्धं तिनंही कधी सांगितलं नाही. ते मला अजून सलतं.

मग संगणक आले. निवृत्तीला थोडे महिने असताना आमच्या सगळ्या कॅसेटी संगणकात भरून सीडीवर घ्यायचं ठरलं. काम करणारे खैरनारसाहेब बाहेरचे, हुशार, स्वतःचा चहाचा कप घरून आणणारे. काही आठवड्यांत आमचं कपाटभर आयुष्य एका बुटाच्या खोक्यात मावलं. त्याच सुमारास सुमनताईचा फोन आला. "सासूबाई अंथरुणावर आहेत. 'टेपवालीला बोलव, सोना घेऊन ये म्हणावं' असं सारखं चाललंय."

मी सीडी घेतली, भाच्याचा प्लेअर घेतला आणि गेले. केवळबाई अंथरुणात मूठभर झाली होती. ऐकू येणार नाहीच, म्हणून मी तिचा तळहात स्पीकरच्या जाळीवर टेकवला आणि आवाज पूर्ण मोठा केला. लाकडातून मांडीला कळायचं, तर यातून हाताला कळेल. ती डोळे मिटून थांबली. मीही थांबले. तिनं डोळे उघडले.

"यात सोना नाय," ती म्हणाली.

मी कान लावला. शांतता. सीडी इतकी स्वच्छ होती की बाहेरचा कावळासुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी खैरनारसाहेबांच्या पुढ्यात उभी. ते खूश होऊन म्हणाले, "ती ना? तिच्यात नुसता खडखडाट होता बाई, आणि मध्येच कुणाचं तरी ओरडणं. सगळं काढून टाकलं. क्लिअर करून दिलीय."

"साहेब," मी म्हटलं, "तो खडखडाट नव्हता. त्या दोन बायका होत्या."

त्यांना काही कळलं नाही, आणि त्यांचाही दोष नाही. मूळ कॅसेटी कुठे आहेत विचारलं, तर म्हणाले, काम झालेल्या कॅसेटी खोक्यात भरून टाकायला दिल्या. कुणाकडे? गांगुर्डेंकडे. मी भर उन्हात रिक्षा करून गांगुर्डेंच्या घरी. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न नुकतंच झालेलं, मांडवाचे बांबू अजून दारात. मी त्या बांबूंकडेच बघत राहिले, कारण फुकटच्या कॅसेटी आणि घरात लग्न म्हटल्यावर माणूस काय करेल हे सांगायला नको.

गांगुर्डे ओशाळले. "खोटं कशाला बोलू बाई, हळदीची गाणी भरून घ्यायला काढल्या होत्या. पण यंत्र बटणच दाबू देईना. एक नाही, दोन नाही, सगळ्या तशाच. शेवटी माळ्यावर टाकल्या. रद्दीत टाकायचा जीव झाला नाही."

मी त्यांच्या घरात मटकन खालीच बसले आणि हसायला लागले. एवढी वर्षं उंबऱ्याउंबऱ्यात मोडलेल्या त्या चिमुकल्या पट्ट्या! गांगुर्डेंच्या बायकोला वाटलं बाईंना ऊन लागलं, तिनं कांदा फोडून आणला.

माझा जुना टेपरेकॉर्डर तेव्हा ऑफिसच्या अडगळीत होता. तो काढला, पुसला, घरी लावून पाहिला. चालला. सकाळच्या जीपनं सिन्नर गाठलं. सुमनताईनं दार उघडलं आणि काही न विचारता आत चुलीकडे गेली.

मी टेपरेकॉर्डर केवळबाईच्या अंथरुणाशी ठेवला. तिचा हात उचलून स्पीकरवर टेकवला. तिनं तो लगेच काढून घेतला, मागच्या वेळचं लक्षात होतं. मी तिचा हात पुन्हा धरला आणि बटण दाबलं. आधी नुसती खरखर. मग लांब कुठेतरी कुकरची शिट्टी. मग माझाच आवाज, चिडलेला, "अहो, बोला की!" आणि मग जड ठोका, सोनाबाईचा. टकटक. थांबून टक.

केवळबाईचा हात जाळीवर घट्ट झाला. दुसरा हात गोधडीतून बाहेर आला आणि खाटेच्या कडेवर पडला.

टक. थांबून टकटक.

सुमनताई आतून "आले" म्हणाली नाही. सासूच्या हातचा हा ठोका तिनं या घरात कधी ऐकलाच नव्हता.

सोनाबाई पुन्हा पुन्हा विचारत राहिली आणि केवळबाई उत्तर देत राहिली. टेप संपली, बटण खाडकन वर आलं, तरी तिनं हात काढला नाही. मी कॅसेट मागे गुंडाळली आणि पहिल्यापासून लावली.